लेकीचा वाढदिवस



लेकीचा वाढदिवस हौसेने करा, पण उधारीवर नको. आपल्या वलगावजवळ, पेढी नदीकाठी २० डिसेंबर १९५६ रोजी गाडगेबाबांनी देह ठेवला. त्यांनी तरुणपणी स्वतःच्या लेकीच्या बारशाला दारू-मटणाची रीत मोडून गोड जेवण घातले होते.

तुम्हीही घरच्या हरभऱ्याच्या डाळीचे पुरण घाला. आजीने ओवाळावे, लेकीच्या मैत्रिणींना पंगतीला बसवावे. पावसाळ्यातला वाढदिवस असेल तर तिच्या हातून परसात शेवगा लावून घ्या. वाचलेल्या पैशांतून पोस्टात सुकन्या समृद्धी खाते काढा. सुरुवातीला २५० रुपये पुरतात. मात्र लेक १० वर्षांची होण्याआधीच काढावे लागते.

केक एका संध्याकाळी संपतो. त्याची उधारी मात्र ऐन पेरणीत दारात उभी राहते.