रिठ्याचा फेस आणि मिहानची जमीन

तेलविहिरीतून सगळे तेल वर येते, हा सर्वसामान्य समज खरा नाही. भूगर्भातला दाब ओसरला, मागून पाणी सोडून झाले, तरी निम्म्याहून अधिक तेल बहुधा खडकातच अडकून राहते. तेल आणि पाणी यांच्यामधला ताण पुरेसा उतरवला तर ते थेंब सुटतात. म्हणून विहिरीत साबणासारखी द्रव्ये सोडतात. ही द्रव्ये आजवर मुख्यतः खनिज तेलापासूनच बनत आली. आता ती रिठा, मोह, एरंड यांपासूनही बनवता येतील असे प्रयोगशाळा सांगतात. धनबादच्या खनिकर्म संस्थेत रिठ्यावर असे काम झाले आहे. संशोधकांविषयी तक्रार नाही. तक्रार आहे ती या साबणाला ‘हरित’ म्हणून मिरवणाऱ्यांविषयी. जे तेल शेवटी जाळायचेच आहे, ते रिठ्याने धुतल्याने सोवळे होत नाही.

देश आपल्या गरजेच्या पंच्याऐंशी टक्क्यांहून अधिक खनिज तेल आयात करतो आणि १९७४ साली सापडलेले मुंबई हाय आता म्हातारे झाले आहे, हा युक्तिवाद मात्र झटकून टाकता येत नाही. घरचे तेल निघावे हे रास्तच. पण त्याचा लाभ कोणाच्या पदरी पडणार? २०१८ च्या धोरणाने, अशा पद्धतींनी जे वाढीव तेल निघेल त्यावरील उपकरात कंपन्यांना सवलत दिली. मोहाच्या बिया वेचणाऱ्या गडचिरोलीच्या बाईसाठी २०२० साली ठरलेला आधारभाव किलोला २९ रुपये! तोही खरेदीकेंद्र उघडले तर. शिवाय मोहाचे तेल तिच्या घरी खाण्यात येते. विहिरीची तहान लागली की तिच्या चुलीचे काय, हे कोणत्याही अहवालात सापडायचे नाही.

विदर्भातील वनस्पतिजन्य उद्योगाचा विषय निघाला की सत्ताधाऱ्यांचे बोट मिहानकडे वळते. त्या मिहानचा इतिहास काय? २००२ साली विमानतळ विकास कंपनी स्थापन झाली; शिवणगाव, खापरी, तेल्हारा, दहेगावच्या शेतकऱ्यांची जमीन गेली आणि मोबदल्याचे व पुनर्वसनाचे तंटे वर्षानुवर्षे रेंगाळले. पतंजलीच्या अन्नप्रक्रिया उद्यानाचे भूमिपूजन २०१६ साली थाटात झाले, उद्घाटनाला २०२५ चा मार्च उजाडला. संत्रा उत्पादकाने तोवर काय करायचे होते? ज्याची जमीन गेली तो मजूर, ज्याचा माल तो गिऱ्हाइकाच्या दारातला याचक, हाच जर विकास, तर रिठ्याचा कारखाना त्याला अपवाद कसा ठरणार?

२००६ च्या वनहक्क कायद्याने गौण वनोपजाची मालकी ग्रामसभांकडे दिली आहे. मेंढा-लेखाने २००९ मध्ये सामूहिक हक्क मिळवला आणि २०११ मध्ये आपल्या बांबूचे वाहतूक परवाने स्वतः देण्याचा अधिकार घेतला. तेलकंपन्यांना मोह हवा असेल तर त्यांनी ग्रामसभांच्या संघाशी करार करावा. बियांपासून तेल काढण्याचे काम गावातच व्हावे. भाव मंडईवर न ठरता, विहिरीवर पोचलेल्या द्रव्याच्या किमतीतील ठरावीक हिश्श्यावर ठरावा. आणि घरच्या वापरापुरता मोह आधी बाजूला काढून मगच उरलेला विकला जावा. या अटी मान्य होईपर्यंत मिहानमध्ये अशा कारखान्यासाठी एक एकरही देऊ नये.