एकादशीचा बटाटा

इंदुरात राहून बटाट्याशी वैर धरणे सोपे नाही. घरच्या पोह्यांत तो, हलवायाच्या कचोरीत तो, रात्री सराफ्यातील तव्यावर टिक्कीच्या रूपाने पुन्हा तोच. आणि एकादशीस बाकी सारे वर्ज्य झाले की ताटाचा धनीही तोच. वास्तविक हा गृहस्थ मूळचा दक्षिण अमेरिकेचा. पोर्तुगीजांच्या मागोमाग तो आपल्याकडे आला आणि आपले मराठी नावही त्यांच्याकडूनच घेऊन आला. घरच्या गव्हातांदळांस जो मान उपवासाला नाही, तो या परदेशस्थास कसा लाभला, याचे आम्हांस नेहमी नवल वाटते.

आमच्या घरातील एक वडीलधाऱ्या बाई अनेक वर्षे मधुमेही आहेत. महिन्याच्या दोन्ही एकादशा त्या निष्ठेने पाळतात आणि त्याच दिवशी यंत्रावरचा साखरेचा आकडा सर्वांत अधिक चढलेला असतो. "अन्नाचा कण घेतला नाही, मग ही वाढली कशी?" हा त्यांचा प्रश्न. अन्न नव्हते हे खरे, पण साबुदाण्याची खिचडी होती, तीत बटाटा होता, आणि सोबत रताळ्याचा कीस होता. 100 ग्रॅम बटाट्यात साधारण 17 ग्रॅम कर्बोदके असतात, रताळ्यात 20च्या आसपास. कोरडा साबुदाणा तर जवळजवळ निव्वळ पिष्टच. हिवाळ्यात माळव्यातील घरोघरी तळला जाणारा गराडू बटाट्याऐवजी चालेल, अशी अनेकांची समजूत दिसते. तोही कंदच, आणि पिष्टात बटाट्याहून वरचढ. फोडी रात्रभर पाण्यात ठेवल्याने 'साखर निघून जाते' हेही खरे नव्हे. धुतले जाते ते वरवरचे पिष्ट.

मग ताटात घालावे काय? फ्लॉवरमध्ये 100 ग्रॅमला 5 ग्रॅमच्या आसपास कर्बोदके, सलगम व नवलकोलात 6, मुळा व दुधी यांत त्याहूनही कमी. रश्श्यात बटाट्याची जागा सलगम उत्तम घेतो. साल जाडसर काढून, फोडी मिठाच्या पाण्यात पाच मिनिटे उकळून ते पाणी टाकून द्यावे, म्हणजे उग्रपणा जातो. बटाट्याचा पिठूळपणा त्याला येत नाही, हे आधीच सांगितलेले बरे. किंचित गोडसर, रसाळ फोड लागते. पराठ्याच्या सारणाला फ्लॉवर वाफवून फडक्यात घट्ट पिळावा, न पिळल्यास पराठा फुटलाच म्हणून समजावे. आले, मिरची, हळद नेहमीप्रमाणे. मिळून येण्यास थोडे पनीर कुस्करून घालावे. मात्र पराठ्याची कणीक हिशेबात धरावीच लागते.

एकादशीस मात्र फ्लॉवर आणि सलगम बहुतेक घरांत चालत नाहीत. तेथे तांबडा भोपळा, दुधी आणि काकडी यांचाच आधार. दुधी किसून, हलका पिळून, तुपाजिऱ्याच्या फोडणीवर मिरची आणि भरपूर दाण्याच्या कुटासह परतला तर खिचडीची आठवण तरी येते. किसण्यापूर्वी दुधीचा तुकडा जिभेवर ठेवून पाहावा; कडू लागल्यास थुंकून सबंध दुधी फेकून द्यावा. कडू दुधी विषारी असतो आणि त्याचा रस पिऊन माणसे दगावलेली आहेत.

आणखी एक गोष्ट, आणि ती दुर्लक्षून चालणार नाही. इन्शुलिन किंवा साखर उतरविणाऱ्या काही गोळ्या चालू असताना ताटातील पिष्ट एकाएकी काढून टाकले, तर साखर धोकादायक खाली जाऊ शकते. घाम, कापरे, डोळ्यांपुढे अंधारी ही तिची लक्षणे. त्या क्षणी भोपळा कामाचा नाही, चहाचे तीन-चार चमचे साखर पाण्यात घालून द्यावी. ती उपवासाला चालतेच. औषधाची मात्रा डॉक्टरांना विचारून आधी ठरवावी, ताट मग बदलावे.

आमच्या बाईंनी गेल्या एकादशीस दुधी मान्य केला. बटाट्याच्या दोन फोडी मात्र त्यांनी हट्टाने मागून घेतल्या, आणि आम्ही त्या मोजून वाढल्या.