गाडीच्या दाराला हातोड्याआधी टेप लावा

ऊसतोडीचा हंगाम सुरू झाला की माजलगाव, गेवराईच्या रस्त्यांवर ट्रॉलीचा कोपरा लागून चेपलेल्या गाड्या डेंटरच्या दुकानी येऊ लागतात. त्यांत आपल्या लहान व्यापाऱ्यांच्या जुन्या मारुती 800 आणि ओम्नी पुष्कळ असतात. पहिलीचे उत्पादन 2014 मध्ये थांबले, दुसरीचे 2019 मध्ये. पण आठवडी बाजाराला कापडाचे गठ्ठे न्यायला अनेकांकडे आजही त्याच आहेत. अशा गाडीचा विमा बहुधा फक्त थर्ड पार्टीचा. म्हणजे स्वतःच्या दाराचा खर्च स्वतःच्या गल्ल्यातून.

यातले बरेच काम मालकाला घरच्या अंगणात करता येते, आणि ते डेंटर बंधूंनी त्याला स्वतःहून सांगावे, असे आमचे मत आहे. काहींना ते रुचणार नाही.

आधी काम पाहू. दार उघडून मागचे टोक दोन्ही हातांनी वर उचलून पाहावे. खडखड हलले तर बिजागरीची पिन झिजलेली आहे. तिथे ठोकाठोकी व्यर्थ. पिन घट्ट असेल तर टेप घ्यावा. दाराच्या रिकाम्या चौकटीची दोन्ही तिरपी मापे घ्यावीत आणि तीच मापे दुसऱ्या बाजूच्या, मार न लागलेल्या चौकटीची घ्यावीत. माप एकाच खुणेपासून त्याच खुणेपर्यंत हवे, नाहीतर सगळा हिशेब खोटा. दोन्ही बाजू जुळल्या तर पिलर जागेवर आहे आणि काम तुमचे आहे. तीन-चार मिलिमीटरहून अधिक फरक असेल तर पाना खाली ठेवून कारागिराकडे जावे.

काम तुमचे असेल तर पिलरवरचा स्ट्रायकर, ज्यात दाराचे कुलूप अडकते तो, आधी काढून ठेवावा. तो असला की दार त्याच्यावर चढून बसते आणि खरा दोष झाकला जातो. बिजागरीभोवती खिळ्याने खूण करावी. दाराखाली जॅक, जॅकवर लाकडी ठोकळा आणि जुने पोते. मग एका वेळी एकच बिजागरी जरा सैल करावी. बोल्टांची भोके थोडी मोठी असतात, म्हणून एक-दोन मिलिमीटर सरकवता येते. बोल्ट कसावा, दार लावावे, चारी बाजूंची फट पाहावी. चांगल्या दाराची फट पुठ्ठ्याचे तुकडे घालून मोजली तर अंदाजाने बोलावे लागत नाही. फट जुळली की शेवटी स्ट्रायकर. (काही गाड्यांची बिजागरी वेल्डिंगने बसवलेली असते, आणि ओम्नीचे मधले सरकते दार हा वेगळाच प्रकार, त्यांना हे लागू नाही.)

बिजागरीत लाकूड अडकवून दारावर गुडघा देण्याची जुनी रीत अनेक उस्तादांकडे आहे. थोड्या फरकाला ती चालूनही जाते. पण गंजलेल्या पिलरचा पत्रा तिथेच फाटतो, मग दोनशेचे काम दोन हजारांवर जाते.

आता डेंटर बंधूंचा आक्षेप: गिऱ्हाईक शिकले तर आम्ही खायचे काय? आमच्या एका नातेवाइकाला एका दुकानात नवे दार आणि अर्ध्या बाजूचा रंग सांगितला गेला. दोष निघाला खालच्या बिजागरीत. तो माणूस त्या दुकानाची पायरी पुन्हा चढला नाही, आणि चारचौघांत बोलल्याशिवायही राहिला नाही. त्यापेक्षा मापाची मजुरी घ्या. टेप लावून, दोन्ही बाजूंचे आकडे कागदावर लिहून देणे हेही कसबच आहे. डॉक्टर तपासण्याचे पैसे घेतो, मग डेंटरने का लाजावे? पुट्टीचे पैसे मिळतात आणि नजरेचे मिळत नाहीत, ही सवय आपणच लावलेली आहे.

सरकलेल्या पिलरचे काम मात्र कमी पैशांत उरकू नये. या गाड्यांना जीपसारखी वेगळी चॅसिस नाही. छत, पिलर, तळ मिळूनच अंग बनते, आणि उलटल्यावर छताचा भार पिलरवर येतो. तो ओढून सरळ करणे हे सामान असलेल्या कारागिराचेच काम. काही जण पिलर तसाच ठेवून, पुट्टी भरून, रंग मारून गाडी विकतात. ऐब लपवून विकलेल्या मालाबद्दल आपल्याकडे काय सांगितले आहे ते वाचकांना ठाऊक आहे. मापाचा कागद गिऱ्हाइकाच्या हाती असला तर हा व्यवहार आपोआप अवघड होईल.

घरी काम केलेल्यांनी दार हळू लावून कुलपाचा आवाज ऐकावा. खटका दोनदा वाजला पाहिजे. एकदाच वाजला तर दार अर्धेच अडकले आहे. स्ट्रायकर पुन्हा सरकवावा, आणि तोवर त्या बाजूला लेकरांना बसवू नये.