पहिली गोळी मोजायची की नाही?

सध्या मी ऑनसाइट आहे, पेन्सिल्व्हेनियात. आपल्याकडे ऑफिसात मॅचवरून भांडणं होतात, इथे हिवाळ्यात हरणांच्या हंगामावरून होतात. त्यातही ख्रिसमसनंतर एक खास हंगाम असतो, फक्त चकमकीच्या बंदुकीचा. १९७४ साली हे सुरू झालं आणि अजून चालू आहे. आपण शिवकालीन मालिकांमध्ये बघतो तसलीच ठासणीची बंदूक. नळीच्या तोंडातून आधी दारू ओतायची, मग कापडात गुंडाळलेली शिशाची गोळी गजाने ठासायची, बाजूच्या कटोरीत रंजक टाकायची आणि चाप ओढायचा. चकमक झडते, रंजक पेटते आणि मग बार! पुन्हा भरायला अर्धा-एक मिनिट सहज जातं. तेवढा वेळ हरीण थांबत नाही. म्हणजे हिशेब सरळ आहे, गोळी एकच.

आमच्या टीममध्ये साठीचे एक सहकारी आहेत, त्यांना आपण काका म्हणू. मूळ मुद्द्यात मी अडकलो तो त्यांच्यामुळे. लंच टेबलावर त्यांचं दुसऱ्या एकाशी जुंपलं होतं. विषय : शिकारीला जाताना नळी स्वच्छ असावी, की आधी एक बार काढून काजळलेली असावी? कारण असं की, स्वच्छ नळीतून सुटलेली पहिली गोळी बऱ्याचदा पुढच्या गोळ्यांपेक्षा वेगळ्या ठिकाणी लागते. मला वाटलं होतं हा पाच मिनिटांचा वाद असेल. वीक-एन्ड गेला माझा त्यात :)

आधी थोडं रसायन. जुनी काळी दारू म्हणजे ढोबळमानाने ७५ भाग सोरा, १५ भाग कोळसा आणि १० भाग गंधक. ही जळते तेव्हा सगळीचा वायू होत नाही. १८७५ साली नोबल आणि एबल या दोन ब्रिटिश संशोधकांनी मोजून दाखवलं की, वजनाने निम्म्याहून जास्त भाग शेवटी घन स्वरूपात उरतो. पोटॅशियमचे कार्बोनेट, सल्फेट वगैरे क्षार. काही धुरावाटे जातं, बाकीचं नळीतच चिकटतं. वर हे क्षार हवेतली ओल शोषतात. म्हणजे मघाशी कोरडा असलेला थर थोड्या वेळाने चिकट होतो आणि तसाच राहिला तर लोखंडाला गंज चढवतो.

आता गोळीच्या बाजूने बघा. पहिल्या गोळीला कोरं पोलाद मिळतं, किंवा पुसताना राहून गेलेलं तेल. दुसरीला मिळतो काजळीचा थर. घर्षण वेगळं, गोळी किती घट्ट बसली ते वेगळं, मागचा दाब वेगळा, वेगही वेगळा. मग दोघी एकाच जागी लागाव्यात अशी अपेक्षा का करायची?

या काजळीने इतिहासातही बरंच काही घडवलंय. शाळेत आपण सगळ्यांनी वाचलं की १८५७ मध्ये एनफिल्ड बंदुकीच्या काडतुसांना गाईची आणि डुकराची चरबी लावली आहे, असं शिपायांच्या कानावर आलं आणि भडका उडाला. पण मुळात चरबी लावायची कशाला, हे मला तरी कुणी सांगितलं नव्हतं. गोळी नळीत सहज सरकावी आणि काजळी मऊ राहावी म्हणून! अमेरिकन यादवी युद्धात तर उत्तरेच्या सैन्याला विल्यम्स नावाच्या माणसाने काढलेल्या खास गोळ्या मिळायच्या. त्यांच्या बुडाला जस्ताची चकती असे, ती जाता जाता नळी खरवडून काढी. म्हणजे दीडशेहून जास्त वर्षं लोक या थराशी झगडतायत.

असो. तर एका शनिवारी काकांबरोबर रेंजवर गेलो. बंदुकीला मी हात लावला नाही (आई, वाचत असशील तर लक्षात घे). माझ्याकडे दुर्बीण आणि वही. पन्नास यार्डांवर काकांनी पाच बार काढले. चार गोळ्या चहाच्या बशीत मावतील इतक्या जवळ. पहिली मात्र त्यांच्या चार बोटं वर.

काका म्हणाले, "पहिली सोडून दे. ती नेहमीच भरकटते."

मी विचारलं, "नेहमीच? आणि वरच?"

"हो, वरच."

इथे माझ्यातला इंजिनियर जागा झाला. जी चूक दर वेळी एकाच दिशेने होते ती चूक नसते हो, ते उत्तर असतं. इकडे तिकडे कुठेही गेली असती तर भरकटली म्हटलं असतं. दर वेळी वरच जात असेल तर बंदूक इमानदारीत सांगतेय की, स्वच्छ नळीचा नेम इथे आहे आणि काजळलेलीचा तिथे. आपण दोन वेगळ्या बंदुकांचे निकाल एकाच कागदावर काढतोय आणि नकोसा निकाल खोडतोय.

आणि खोडतोय कुठला? तर जंगलात जो एकमेव लागणार आहे तोच! काका शिकारीला निघतात ते नळी पुसून. म्हणजे हरणावर सुटते ती 'भरकटणारी' पहिली गोळी. बशीत मावणाऱ्या बाकीच्या चार गोळ्या फक्त कागदावर लागतात.

हे बोलल्यावर काका बराच वेळ गप्प होते. परतताना गाडीत एवढंच म्हणाले की, गेल्या वर्षी एक मादी जखमी होऊन गेली, अंधार पडेपर्यंत रक्ताचा माग काढला, सापडली नाही. नेम चुकला असं ते वर्षभर स्वतःला सांगत होते. कदाचित नेम चुकला नव्हता.

तुम्ही म्हणाल, हा पोरगा शहाणपणा शिकवतोय. अजिबात नाही. मी स्वतः हेच केलंय. एका प्रोजेक्टमध्ये परफॉर्मन्स टेस्टिंग माझ्याकडे होतं. सर्व्हर नुकताच सुरू झालेला असताना पहिल्या काही रिक्वेस्ट्स हळू जातात : कॅश रिकामी, कोड अजून पूर्ण कंपाइल झालेला नाही, डेटाबेसची कनेक्शन्स उघडायची आहेत. हे सगळ्यांना माहीत असतं. म्हणून मी स्क्रिप्टमध्ये पहिली रीडिंग्ज वगळणारी एक ओळ टाकली होती. वॉर्म-अप म्हणतात तिला, पुस्तकी पद्धत आहे. सरासरी इतकी सुरेख आली की मॅनेजरने मेलवर शाबासकी दिली. पण क्लायंटकडे सर्व्हर दर रविवारी रात्री रिस्टार्ट व्हायचा. सोमवारी सकाळी काउंटरवर बसलेल्या बाईंचा स्क्रीन अडकायचा आणि समोर रांग. त्या बाईंच्या वाट्याला दर आठवड्याला नेमकी मी खोडलेली रीडिंग्ज यायची. रिपोर्ट खोटा नव्हता. तो फक्त त्यांच्याबद्दल नव्हता.

मग नळी स्वच्छ की काजळलेली? माझं मत : प्रश्नच थोडा चुकीचा आहे. जंगलात नळी ज्या अवस्थेत असेल त्याच अवस्थेत नेम बसवा, झालं. इंडियानातल्या फ्रेंडशिप गावी ठासणीच्या बंदुकांच्या राष्ट्रीय स्पर्धा होतात, १९३३ साली स्थापन झालेली संघटना त्या भरवते. असल्या स्पर्धांतले कित्येक जण दर बारानंतर नळी पुसतात. स्वच्छतेच्या हौसेने नव्हे, तर प्रत्येक गोळीला तीच नळी मिळावी म्हणून.

काजळीवाल्यांची बाजूही पोकळ नाही. सकाळी एक बार काढायचा, मग भरून निघायचं, म्हणजे 'पहिली' गोळी आधीच होऊन गेली. ब्लॅकहॉर्न २०९ सारख्या नव्या दारूचा थर ओलही फारशी धरत नाही, त्यामुळे आधुनिक ठासणीच्या बंदुकांत हे छान चालतं. पण ती दारू चकमकीसाठी नाही. आणि खऱ्या काळ्या दारूचा थर सकाळी आठला जसा असतो तसा दुपारी दोनला नसतो. धुकं, बर्फ, बंदूक गरम गाडीतून थंडीत काढली की धरणारा दमटपणा... किती गोष्टी सांभाळणार? स्वच्छ कोरडी नळी ही एकच अवस्था अशी आहे की जी आज, उद्या आणि पुढच्या वर्षीही तशीच करता येते. म्हणून माझं मत स्वच्छ नळीला.

फक्त 'स्वच्छ' म्हणजे काय ते ठरवून घ्या. गंज नको म्हणून तेल लावून ठेवलेली नळी आणि स्पिरिटने पुसून कोरडी केलेली नळी या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. तेल राहिलं तर दारू ओली होते, बंदुकीचा कान बुजतो, आणि मग रंजक नुसतीच फुस्स होते.

काकांना मी एकच सुचवलं. रेंजवर गेलात की नळी कोरडी पुसून भरायची आणि त्या दिवसाची पहिली गोळी एका वेगळ्या कागदावर मारायची. मग तो कागद गुंडाळून ठेवायचा आणि बाकी बार दुसऱ्या कागदावर काढायचे. पुढच्या खेपेला तोच जुना कागद पुन्हा लावायचा. पाच खेपांनंतर त्या कागदावर पाच भोकं होती. पाचही वर आणि पाचही एकमेकांच्या जवळ! काकांनी माशी त्या भोकांप्रमाणे सरकवून घेतली. प्रत्येक बंदुकीत गोळी वरच जाईल असं नाही हं. एखादीत खाली जाईल, एखादीत फरकच पडणार नाही. कागदाला विचारायचं, लंच टेबलाला नाही.

हे कंटाळवाणं काम आहे. एका खेपेला मोजायला एकच भोक मिळतं आणि सरासरीच्या मागे लपता येत नाही. बहुतेक म्हणूनच ते कुणी करत नाही. मी माझ्या स्क्रिप्टमधली ती ओळ काढून टाकली आहे. आता रिपोर्टमध्ये दोन तक्ते असतात, पहिल्या रिक्वेस्टचा वेगळा. तो तक्ता दिसायला वाईट असतो. शाबासकीची मेल परत आलेली नाही.

हंगामात काका दोन दिवस जंगलात जाऊन आले, एकही बार न काढता. मी विचारलं, हरीण दिसलंच नाही का?

म्हणाले, "दिसलं की. पण लांब होतं. माझ्या कागदावरची भोकं पन्नास यार्डांवरची आहेत."