ओट्यावरची काळी पूड आणि आपली यतना



मुलाने पगार साठवून गेल्या वर्षी घरी एस्प्रेसोचे मशीन आणले. कॉफी उत्तम होते, त्याबद्दल माझी तक्रार नाही. तक्रार होती ती ओट्याची. एका कपासाठी ग्राइंडरभोवती पूड, हँडलखाली पूड, ओट्याच्या कडेला पूड, आणि सिंकमध्ये ओला चोथा. मी दिवसातून चार वेळा ओले फडके फिरवायची आणि मनात म्हणायची, हौस म्हटली की पसारा आलाच.

एका सकाळी असेच फडके फिरवत असताना मागून सासूबाई म्हणाल्या, "अगं थांब, थांब! त्यातलं काही चालतंय बघ."

मी वाकून पाहिले. आमचा ओटा काळ्या ग्रॅनाइटचा. त्यावर कॉफीचे काळे कण आणि त्यांच्यामध्ये काळ्या मुंग्या. कॉफीसाठी त्या आल्या नव्हत्या, दूधसाखरेचे थेंब त्या पुडीत वाळले होते, त्यांना लागल्या होत्या. पण कण कुठला आणि मुंगी कुठली, हे उभ्याने दिसतच नव्हते. फडके उलटून पाहिले तेव्हा उशीर झाला होता. आदल्या किती दिवसांत किती वेळा असे झाले असेल, हा विचार मनातून जाईना. सासूबाई मला काही बोलल्या नाहीत. पण दोन-तीन दिवस त्या ओट्याकडे आल्याच नाहीत. पोळ्यासुद्धा जेवणाच्या टेबलावर लाटल्या. मला ते बोलण्यापेक्षा जास्त लागले.

तेव्हापासून माझे मत पक्के झाले आहे. पसारा मशीनचा नसतो, प्रमादाचा असतो. वस्तू उचलताना-ठेवताना जपणे ही आदाननिक्षेपण समिती, आणि टाकायचे ते जागा पाहून टाकणे ही उत्सर्ग समिती, हे आपण लहानपणी पाठशाळेत पाठ केले. त्या समित्या मुनिराजांच्या हे खरे, पण ओट्यापुरती तरी ती शिकवण आपल्याला झेपण्यासारखी आहे. म्हणून मी मुलाला बसवले आणि दोघांनी मिळून पूड नेमकी कुठे सांडते हे आठवडाभर पाहिले.

पहिली चूक मापाची निघाली. हँडलमधल्या जाळीच्या वाटीत किती ग्रॅम पूड बसते ते ठरलेले असते. आमची १६ ग्रॅमची आहे आणि चिरंजीव अंदाजाने १९-२० ग्रॅम भरत होते. शीग लावलेल्या मापट्यातून धान्य सांडावे तशी ती सांडणारच. शिवाय वाटी जास्त भरली की ओली वडी मशीनच्या वरच्या जाळीला चिकटते आणि तिथून टपकत राहते. आता बिया आधी वजनकाट्यावर मोजायच्या आणि तेवढ्याच दळायच्या. ग्राइंडरमध्ये उरलेसुरले राहत नाही, शिळे होत नाही, वायाही जात नाही.

दुसरी गोष्ट पुडीच्या उडण्याची. दळताना बिया एकमेकींवर घासतात, फुटतात, आणि त्यातून स्थिर वीज तयार होते. थंडीत स्वेटर काढताना केस उभे राहतात तसाच प्रकार. त्यामुळे कण ग्राइंडरच्या तोंडाला चिकटतात आणि बाहेर उडतात. उपाय अगदी साधा आहे. दळण्याआधी मोजलेल्या बियांवर पाण्याचे दोन-तीन थेंब टाकून चमच्याने हलवायचे. अमेरिकेतल्या ओरेगॉन विद्यापीठातल्या संशोधकांनी २०२३ मध्ये याचा नीट अभ्यास करून दाखवले, की बियांत थोडा ओलावा असला की ही वीज कमी होते आणि पुडीच्या गुठळ्याही कमी होतात. जास्त भाजलेल्या काळपट बिया कोरड्या असतात, त्यांना याचा गुण विशेष येतो. मात्र थेंब म्हणजे थेंबच. आणि ज्या ग्राइंडरमध्ये पाव किलो बिया वर भरून ठेवतात, त्यात हे करू नये.

तिसरी गोष्ट ताटाची. मुलगा खास रबरी चटई, चोथा ठोकायचा खास डबा, आणखी काय काय मागवायला निघाला होता. मी म्हटले, आधी घरात बघ. उभ्या कडांचे एक जुने स्टीलचे ताट काढले आणि नियम केला, की दळण्यापासून पूड दाबण्यापर्यंत सगळे त्या ताटात. सांडले तर ताटात सांडेल. विकत घेतली ती एकच वस्तू, वाटीच्या तोंडावर बसणारी रिंग. तिच्यामुळे वाटीला भिंत मिळते. बुचात खोचलेल्या सुईने पूड हलवली तरी बाहेर पडत नाही. मग हँडल हलकेच आपटून पूड खाली बसवायची, रिंग काढायची, आणि दट्ट्याने सरळ दाबायचे. मशीनला लावण्यापूर्वी वाटीच्या काठावरून एकदा कोरडे बोट फिरवायचे. काठावर कण राहिले तर रबर नीट बसत नाही आणि बाजूने काळे पाणी गळते.

चौथी गोष्ट सबुरीची. कॉफी उतरली की लगेच हँडल काढायचे नाही. आत दाब असतो. आमच्यासारख्या साध्या घरगुती मशीनमध्ये तो दाब आपोआप सोडण्याची सोय नसते, त्यामुळे घाई केली तर गरम चोथा भसकन बाहेर येतो. हात भाजतो आणि भिंतही रंगते. मिनिट-दीड मिनिट थांबले की तोच चोथा वडीसारखा निघतो. तेवढ्यात दुधाची नळी पुसून घ्यावी. मुंग्यांना बोलावणारी खरी ती.

आमच्याकडे सगळ्यात जास्त सांडायचे ते संध्याकाळी. हिवाळ्यात सहाच्या सुमारास सूर्य मावळतो, मुलाची मीटिंग पावणेसहाला संपते, आणि मग सूर्यास्ताआधी कॉफी पिण्याची धावपळ. नियम पाळायचा आणि तो पाळताना ओटाभर उकिरडा करायचा, याला काय अर्थ? मी स्पष्ट सांगितले, वीस मिनिटे हाताशी नसतील तर त्या दिवशी कॉफी नाही. सुरुवातीला तोंड वाकडे झाले. आता सवय झाली आहे.

आणि चोथा? तो सिंकमध्ये जाऊ नये. बारीक, तेलकट पूड पाइपच्या वाकणात बसते आणि महिन्या-दोन महिन्यांनी पाणी तुंबते. ओला चोथा डब्यात साठवणेही बरे नाही. दोन दिवसांत पांढरी बुरशी धरते आणि चिलटे येतात, म्हणजे पुन्हा जीवांची विराधना. आम्ही तो रोजच्या रोज कागदावर पसरून उन्हात वाळवतो आणि वाळक्या पानांबरोबर कुंड्यांत मिसळतो. जाड थर देऊ नये, त्याची खपली धरते आणि पाणी मुरत नाही. मशीनच्या टाकीतले पाणीही दिवसेंदिवस तसेच राहू देत नाही. गाळलेल्या पाण्याची मर्यादा दोन घटका, ४८ मिनिटे. म्हणून लागेल तेवढेच गाळून भरायचे आणि उरलेले काढून टाकायचे.

शेवटी पुसणे. आधी ओले फडके नको. ओल्या फडक्याने पुडीचा लगदा होतो आणि टाइल्सच्या सांध्यात डाग बसतो. आधी मऊ, कोरडा ब्रश, तोही दिवा लावून, वाकून बघत. मुंगी दिसली तर कागदावर घेऊन बाहेर सोडायची. मग फडके.

काही मैत्रिणी म्हणतात, एवढी उठाठेव कशाला, कॅप्सूलचे मशीन घे, एक कण सांडत नाही. खरे आहे. पण प्रत्येक कपामागे एक रिकामी डबी कचऱ्यात जाते. ओट्यावरचा पसारा आपण फक्त नजरेआड केला, एवढेच. ज्यांना खरोखर कटकट नको, त्यांनी दाक्षिणात्य पद्धतीचा स्टीलचा फिल्टर वापरावा. पूड आतल्या आत राहते आणि चिकमंगळूरच्या कॉफीला काही कमीपणा येत नाही.

माझे सगळ्यात ठाम मत मात्र वेगळेच आहे. जो कॉफी करेल त्यानेच ओटा पुसावा. मुलगा करो की नवरा. आपण बायका मागून पुसत राहिलो म्हणून त्यांना पसारा कधी दिसलाच नाही. मीही वर्षभर तेच केले, आणि माझ्या त्या सवयीने मुलाची यतना शिकण्याची संधी हिरावून घेतली. भांडी घासणाऱ्या मावशींवरही ते काम ढकलू नये. आपला प्रमाद दुसऱ्याच्या हाताने पुसला म्हणून तो आपला राहत नाही, असे होत नाही.

आता सकाळी मुलगा ताट मांडतो, मोजतो, दळतो, थांबतो आणि ब्रश घेऊन ओट्यावर वाकतो. परवा मी हाक मारली तर म्हणाला, "आई, एक मिनिट, एक मुंगी आहे इथे." ते ऐकून सासूबाई आत आल्या, पोळपाट ओट्यावर ठेवला आणि काही न बोलता पोळ्या लाटायला लागल्या.

तुमच्या घरी कॉफी होत असेल तर उद्या फडके फिरवण्याआधी एकदा वाकून बघा, एवढीच विनंती.