धाडसाच्या आधी अभ्यास

कलेत किंवा पेहरावात स्वतःला व्यक्त करायचं असेल तर आधी मनातली भीती काढून टाका, लोक काय म्हणतील याचा विचार सोडा, प्रेरणा मग आपोआप येईल, असा सल्ला हल्ली जिथे तिथे ऐकू येतो. त्याच्या मागोमाग आणखी एक समज येतो. शिक्षण, परंपरा, आधीच्यांची कामं यांच्या फार नादी लागलं की आपलं वेगळेपण मरतं, हा तो समज. सल्ला देणाऱ्यांचा हेतू चांगला असतो, पण त्यामुळे तरुण मुलामुलींचं नुकसान होतं असं माझं स्पष्ट मत आहे, कारण त्यातला क्रमच उलटा आहे. धैर्य आधी गोळा करून मग कुणी कामाला बसत नाही. बारकाईने पाहायला शिकणं, हात बसेपर्यंत काम करत राहणं, आधीच्यांनी काय करून ठेवलंय ते नीट समजून घेणं, यातून ते हळूहळू येतं आणि अशा वाटेने आलेलं धैर्यच टिकतं. केवळ उसन्या उत्साहावर वेगळं काही करायला निघालेला माणूस पहिल्याच टोमण्याला परत फिरतो, कारण आपण हे असंच का केलं, याचं उत्तर त्याच्यापाशी नसतं.

वेशभूषाकार भानू अथय्या यांची कारकीर्द या दृष्टीने पुन्हा पाहायला हवी. १९८३ साली ‘गांधी’ या चित्रपटासाठी जॉन मोलो यांच्यासोबत विभागून मिळालेल्या ऑस्करमुळे, हा पुरस्कार मिळवणाऱ्या पहिल्या भारतीय म्हणून आपण त्यांना ओळखतो आणि बहुतेक वेळा तिथेच थांबतो. पण त्या आधीचा काळ जास्त बोलका आहे. १९२९ साली कोल्हापुरात राजोपाध्ये घराण्यात त्यांचा जन्म झाला. वडील अण्णासाहेब स्वतः चित्रकार आणि गावही आबालाल रहिमान व बाबूराव पेंटर या चित्रकारांचं. मुंबईला सर ज. जी. कला महाविद्यालयात त्यांनी सुवर्णपदक मिळवलं. सूझा, रझा, हुसेन, आरा, गाडे, बाकरे यांनी १९४७ साली स्थापन केलेल्या प्रोग्रेसिव्ह आर्टिस्ट्स ग्रुपच्या १९५३च्या प्रदर्शनात त्यांची चित्रं लागली, तेव्हा त्यात त्या एकट्याच स्त्री होत्या. त्याच सुमारास ‘इव्ह्‌ज वीकली’सारख्या नियतकालिकांसाठी त्या फॅशनची रेखाटनं करत होत्या. या कामाकडे कलेचे अभ्यासक सहसा ढुंकून पाहत नाहीत. मला मात्र ते कळीचं वाटतं. कापड खांद्यावरून कसं उतरतं, कमरेशी कुठे ताणलं जातं, चुण्या कुठे मोडतात, हे कागदावर दाखवायचं तर आधी डोळ्यांना दिसावं लागतं. चित्रपटात शिरण्याचं बळ त्यांना या रोजच्या रेखाटनांनी दिलं. मनात अचानक काही चमकलं आणि त्या निघाल्या, असं झालेलं नाही.

१९६६चा लेख टंडन यांचा ‘आम्रपाली’ हा चित्रपट घ्या. वैजयंतीमालाच्या वेशभूषेसाठी भानूताईंनी अजिंठ्याच्या भित्तिचित्रांचा अभ्यास केला. सतराव्या लेण्यात आरसा हाती धरून शृंगार करणारी राजकन्या आहे, पहिल्या लेण्यात निळं कमळ धरलेला पद्मपाणी आहे. अंगावर वस्त्र किती थोडं आणि तरी त्यात किती विविधता! पट्ट्यापट्ट्यांचं, नक्षीचं, अंगकांती दिसेल इतकं तलम कापड आणि त्यावर दागिन्यांची बारीक गुंफण. उरोबंध, कमरेखाली चापूनचोपून नेसलेलं वस्त्र, उघडं पोट आणि गळाभर दागिने असा नायिकेचा वेष साठच्या दशकातल्या प्रेक्षकासमोर आणणं सोपं नव्हतं. तो आला आणि अश्लील वाटला नाही, कारण त्याच्या पाठीशी एक भक्कम आधार होता. इथे पहिला आक्षेप येतो: भिंतीवरून उचलून आणलं, तर त्यात स्वतःचं काय राहिलं? आक्षेप वजनदार आहे, पण त्यामागचं गृहीतक चुकीचं आहे. अजिंठ्याची चित्रं इसवी सनापूर्वी दुसऱ्या शतकापासून साधारण पाचव्या शतकापर्यंतची आहेत. आम्रपाली बुद्धाच्या काळातली, म्हणजे त्याहूनही कितीतरी आधीची, आणि तिची वैशाली तर बिहारातली. तिच्या काळचा पेहराव जसाच्या तसा दाखवणारं चित्र हाताशी नव्हतंच. मग कोणत्या शतकातलं काय घ्यायचं, काय सोडायचं, हे सगळे निर्णय रचणारीचेच होते. शिवाय भिंतीवरची आकृती स्थिर असते, तर नर्तकीला त्या वस्त्रात गिरक्या घ्यायच्या, जमिनीवर बसायचं, पुन्हा उठायचं आणि तेही प्रखर दिव्यांखाली. नुसत्या नकलेने हे साधत नाही. आधार जितका पक्का, तितकं त्यावर स्वतःचं उभं करता येतं.

दोनच वर्षांनी ‘ब्रह्मचारी’मध्ये मुमताजची ती नारिंगी साडी आली. निऱ्या आणि पदर आधीच शिवून झिप लावलेली ही साडी नाचताना सुटत नव्हती. पाचवारी साडी शिवून टाकायची ही कल्पना आज कोणत्याही दुकानात तयार मिळते, म्हणून तिच्यातलं धाडस जाणवत नाही. पण साडीचं नेसणं ज्याला पुरतं ठाऊक आहे, त्यालाच तिचा नेमका कोणता भाग बदलला तरी ती साडीच राहील हे कळतं.

दुसरा आक्षेप जास्त खोल आहे. चित्रकार म्हणून आश्वासक सुरुवात केलेली बाई दिग्दर्शकांच्या चाकरीत गेली, आणि हा आत्माविष्काराचा त्यागच नव्हे का, असं विचारणारे आहेत. त्यांनी कॅनव्हास सोडला याची हळहळ मलाही आहे. पण दुसऱ्याच्या गोष्टीसाठी काम करणारा कलावंत मुका होतो, हे मला मान्य नाही. ‘गांधी’चंच पाहा. गांधीजींनी २२ सप्टेंबर १९२१ रोजी मदुराईत सगळे कपडे उतरवून फक्त पंचा स्वीकारला. पेहरावातून बोलण्याचं एवढं मोठं उदाहरण आधुनिक भारतात दुसरं नाही, आणि त्यामागेही खादीची, गरिबीची, देशभरच्या प्रवासाची वर्षं होती. अटेनबरोंच्या या चित्रपटात दक्षिण आफ्रिकेतल्या सुटाबुटातल्या बॅरिस्टरपासून त्या पंचापर्यंतचा प्रवास आपण संवादांइतकाच कपड्यांतून वाचतो. माणूस आतून बदलत जातो हे कापडातून सांगणं हा आविष्कार नसेल, तर मग चित्रालाही तो मान का द्यायचा? पुढे ‘लेकिन’ आणि ‘लगान’साठी मिळालेले राष्ट्रीय पुरस्कार याच समजुतीची पावती आहेत.

कुणी म्हणेल, हे सारं कोल्हापूरच्या चित्रकाराच्या मुलीला जमलं. तालुक्याच्या गावात जरा वेगळा रंग घातला तरी जिला ऐकून घ्यावं लागतं तिचं काय? तिच्यावरचा दबाव खरा आहे आणि अभ्यासाने लोकांची तोंडं बंद होत नाहीत. घरचा पाठिंबा ही मोठीच पुंजी, हेही खरं. म्हणूनच तर जी पुंजी वाटता येते ती आधी वाटली पाहिजे. महाराष्ट्रात एलिमेंटरी आणि इंटरमिजिएट या चित्रकलेच्या परीक्षा गावोगावच्या शाळांतली मुलं देतात. त्यात वस्तुचित्र, स्मरणचित्र, संकल्पचित्र यांचा सराव असतो. समोरचं भांडं जसं दिसतं तसं काढणं, पाहिलेलं आठवून काढणं, आणि मग स्वतःच्या डोक्यातलं काढणं, असा तो प्रवास आहे. चित्रकलेचा तास गणिताला देऊन टाकणाऱ्या शाळेत त्या मुलीला ‘बिनधास्त राहा’ म्हणून सांगायला पाहुणे बोलावले जात असतील, तर मुख्याध्यापकांनी आधी तो तास परत द्यावा आणि शिक्षकाची रिकामी जागा भरून घ्यावी.