पाळकांचा रिफ्रेशर कोर्स मराठीत का नाही?

महाराष्ट्रात डॉक्टरांना नोंदणी टिकवायला दर पाच वर्षांत क्रेडिट पॉइंट मिळवावे लागतात. शिक्षकांना प्रशिक्षणं चालूच असतात. पाळकाचं काय? एकदा बी.डी. केली, दीक्षा झाली, की त्याच शिदोरीवर निवृत्तीपर्यंत दर रविवारी उभं राहायचं. वर्षाला बावन्न उपदेश, शिवाय लग्नं, मयती, घरभेटी. म्हणून थिऑलॉजीचे रिफ्रेशर कोर्स हवेतच. मी नुकताच पाच दिवसांचा एक करून आलो. माझं म्हणणं आहे ते भाषेबद्दल आणि विषयांबद्दल.

आम्ही सगळे महाराष्ट्रातले, बहुतेक तालुक्याच्या नाहीतर खेड्यातल्या मंडळ्यांचे. शिकवणारेही बरेचसे इथलेच. तरी पाचपैकी साडेचार दिवस इंग्रजी! रोमकरांस पत्रावर एक तास झाला, 'जस्टिफिकेशन'वरची सगळी वादावादी ऐकली. तास चांगला होता, खोटं कशाला बोलू. पण आपल्या बायबलात त्याला 'नीतिमान ठरवणं' म्हणतात, आणि माझ्या मंडळीत नीतिमान म्हणजे दारू न पिणारा, कुणाचं कर्ज न बुडवणारा माणूस. पौल तर म्हणतो, माणूस स्वतःच्या चांगुलपणावर नीतिमान ठरतच नाही. आता हे मराठीत समजावायचं कसं? खरा अभ्यास इथे सुरू होतो, आणि यावर पाच मिनिटंसुद्धा मिळाली नाहीत.

हे काम आपल्याकडे कुणी केलंच नाही असंही नाही. पंडिता रमाबाईंनी केडगावला बसून हिब्रू-ग्रीकचा अभ्यास केला आणि अख्खं बायबल साध्या मराठीत आणलं, कारण वाचणाऱ्या बाया साध्या होत्या. ते पूर्ण छापून आलं 1924 साली, त्यांच्या मृत्यूनंतर दोन वर्षांनी. ना. वा. टिळकांनी ख्रिस्ती कीर्तन केलं. 'ज्ञानोदय' 1842 पासूनचा. कोर्सच्या वाचनयादीत यातलं एकही नाव नव्हतं. सगळी जर्मन आणि अमेरिकन मंडळी!

आता लोक पाळकाला काय विचारतात ते बघा. मोबाइलवरचा एक प्रचारक सांगतो, विश्वास असेल तर गोळ्या सोडा. आमच्या एका मावशींनी इन्सुलिन सोडलं आणि आठ दिवसांत दवाखान्यात भरती झाल्या. याकोबाच्या पत्रात आजाऱ्याला तेल लावून प्रार्थना करायला सांगितलंय, हे त्यांना पाठ. पण लूक वैद्य होता, हेही त्याच नव्या करारात आहे. हे दोन्ही एकत्र कसं मांडायचं, हे शिकवा ना!

दुसरा प्रश्न त्याहून अवघड. 1950 च्या आदेशाप्रमाणे अनुसूचित जातीचा दर्जा मुख्यतः हिंदूंना होता. 1956 मध्ये शीख आले, 1990 मध्ये बौद्ध. ख्रिस्ती दलित अजून बाहेरच. बारावी झालेला मुलगा येऊन विचारतो, "पास्टरसाहेब, बाप्तिस्मा घेऊ की दाखला सांभाळू?" त्याला मी काय सांगू? हा काही नुसता तहसील कचेरीतला प्रश्न नाही. बाप्तिस्म्याचा अर्थ काय, आणि त्याची किंमत गरिबाच्याच पोराने का मोजावी, हा थिऑलॉजीचाच प्रश्न आहे.

शेवटच्या दुपारी एक निवृत्त पाळक मराठीत बोलले. साडेचार दिवस गप्प बसलेली माणसं तेव्हा बोलायला लागली, चहाची वेळ टळून गेली तरी कुणी उठेना. इंग्रजी नको असं मी म्हणत नाही, संदर्भग्रंथ त्यातच आहेत. पण वर्ग मराठीत घ्या. सुवार्तिकांना आणि बायबल वुमनना बोलवा, कारण कितीतरी खेड्यांतली उपासना तेच चालवतात. आणि पाळक कोर्सला गेला की रविवारी त्याच्या जागी कोण, याची सोय वरिष्ठांनी करावी. मी गेलो त्या आठवड्यात एक मयत झाली. शेजारच्या गावचे पाळक पंचवीस किलोमीटर दुचाकीवर आले, म्हणून दफनविधी झाला.

पुढच्या कोर्सचा फॉर्म आलाय. त्यात जेवण शाकाहारी की मांसाहारी विचारलंय, भाषा विचारलेली नाही. मी खाली पेनाने लिहून पाठवलं: मराठीत ठेवलात तर आमच्या भागातून अकरा जण येतील.